अर्ध्या टाकीचा आठवडा

...ब्रेक चांगले, टायर चांगले, इंजिन ठणठणीत, खालचा गंजसुद्धा मी स्वतः आडवा पडून तारेच्या ब्रशनं घासून काढलेला, आणि तरी पिकअप नापास! कशासाठी, माहितीये? वाफेसाठी. वाफेसाठी हो, वाफेसाठी! तुम्हाला सांगतो, धुरासाठी नापास केलं असतं तर मी टोपी काढून मान डोलावली असती, धूर निदान दिसतो तरी. तेल गळत असतं तर खाली डाग पडला असता, बायकोनं दाखवला असता, ती दाखवतेच. पण हे काय? तर म्हणे पेट्रोलच्या टाकीतली वाफ टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून बाहेर पळते, ते भोक कुठंय हे कुणालाच माहीत नाही, ट्रकला तेवढं कळतं, आणि ट्रक काय करतो, तर समोर पिवळा दिवा लावून गप्प बसतो. अरे बाबा, एवढं कळतंय तर कुठं ते पण सांग ना!

तर ही लॉरेटा सॅबोल. चर्चच्या उताराखाली तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, आता ती चालवते, आमच्या अख्ख्या टेकडीच्या गाड्यांना वर्षाच्या तपासणीचं स्टिकर तीच लावते. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, तेव्हाही मी तिच्या वहीत डोकावलं की हात आडवा धरायची, तो हात अजून तसाच आहे. तिनं स्टिअरिंगखाली वायर खुपसली, हातातल्या यंत्रात पाहिलं आणि म्हणाली, "एमिल, टाकीची वाफ गळते. नापास."

म्हटलं, "किती गळते?"

म्हणाली, "गळते किंवा गळत नाही. तुझी गळते. एकतीस ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त करून आण, नाहीतर रस्त्यावर काढू नकोस."

बरं, घरी आलो. बर्नीला सांगितलं. बर्नी म्हणजे माझी बायको, बर्नाडेट. तिचा उजवा गुडघा गेलाय, ट्रकमध्ये चढताना मला तिच्यासाठी स्वयंपाकघरातलं स्टूल आणावं लागतं, आणि ते स्टूल सोबत घेऊन जावं लागतं, कारण जिथं जाऊ तिथं उतरायचंही असतंच ना. तिनं शांतपणे बटाटे सोलत ऐकून घेतलं. बर्नी ओरडली तर काळजी नसते, शांत झाली की मनाशी गाठ मारलीच म्हणायची. "एमिल," ती म्हणाली, "एकतीस तारखेपर्यंत स्टिकर लागलं तर ठीक. नाही लागलं तर ट्रक विकायचा आणि छोटी गाडी घ्यायची, जिच्यात मी माणसासारखी बसेन." गुडघा तिचा खरा आहे, बोलणं तिचं खरं आहे, माझ्याकडे काय आहे तर वाफ.

आणि ट्रक विकायचा म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. आमच्या टेकडीवर मागं आठ फुटी हौदा असलेली पिकअप एकट्या माझी आहे. गिरणी बंद झाली, मग मी शाळेची बस चालवली, तीही सुटली, आता मला फोन कशासाठी येतो? मुलगा रविवारी करतो, तो सोडा. बाकीचे सगळे फोन ट्रकसाठी. "एमिल, सोफा न्यायचाय." "एमिल, हरीण मारलंय, आणायचंय." "एमिल, बंबवाल्यांच्या फायर हॉलची टेबलं." परवा फादर डेनिसनी चर्चमधलं मोडकं कबुलीघर, पापं सांगायची ती लाकडी खोली, नेली हौद्यातून, अख्खी! मी किल्ली देतो, लोक नेतात, आणतात, दारात थांबून अर्धा तास बोलतात. ट्रक गेला की फोन गेला, आणि फोन गेला की मी दिवसभर बर्नीचे बटाटे बघत बसणार. मी हे कुणाला बोललो नाही, तुम्हाला म्हणून सांगतोय, मला भीती वाटली.

मग मी कामाला लागलो. पहिलं काय करतात? झाकण बदलतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण. सगळे हेच सांगतात. मेहुणा चेट, ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही, तोसुद्धा म्हणाला, "एमिल्या, झाकणच असणार." बदललं. दिवा लागला. दुसरं आणलं, चांगल्या कंपनीचं. दिवा लागला. तिसरं आणलं, कुलूपवालं. ते बर्नीनं बघितलं आणि म्हणाली, "कुलूप कुणासाठी? वाफेला?" तेही काढून ठेवलं. कपाटात तीन झाकणं आहेत आता, कुणाला हवी असतील तर न्या.

मग चेट म्हणाला, धूर सोड. आतमध्ये धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं, जिथून धूर येईल तिथं भोक. आता हे खरं आहे, गॅरेजात असंच करतात, पण गॅरेजात त्याचं यंत्र असतं, आणि आमच्याकडे होती बर्नीची लोणच्याची बरणी, लहान बाळांना लावायचं तेल आणि चेटची सिगार. कसं जमवलं ते विचारू नका. बरणीच्या झाकणाला दोन भोकं, एकातून मी सायकलच्या पंपानं हवा मारतोय, दुसऱ्यातून रबरी नळी ट्रकला, चेट खाली टॉर्च घेऊन आडवा. धूर झाला, झाला नाही असं नाही! पण गेला कुठं? ट्रकमध्ये सोडून सगळीकडे. गॅरेजच्या दारातून, खिडकीतून, छपरातून. समोरच्या घरून कुणीतरी फोन केला आणि पाच मिनिटांत घंटा वाजवत बंब दारात! अहो, त्या बंबावर मी स्वतः गिरणी सांभाळून बावीस वर्षं होतो. चार पोरं हेल्मेट घालून उतरली, मी उभा पंप हातात, चेट खालून खोकतोय, बरणीत बाळाचं तेल. त्यांचा कॅप्टन बघत राहिला आणि म्हणाला, "एमिल, पेट्रोलच्या टाकीशेजारी सिगार?" मी म्हटलं, "वाफ शोधतोय." तो म्हणाला, "सापडली असती आज." आणि जाता जाता काय म्हणाला माहितीये? "शनिवारी ट्रक मिळेल का, जुना फ्रीज टाकायचाय." दिला. नाही कसं म्हणणार, बंब आणला होता माझ्यासाठी.

शेवटी मान खाली घालून लॉरेटाकडे गेलो. तिनं तिचं यंत्र लावलं, ट्रक वर उचलला, दिवा घेऊन खाली फिरली आणि तीन मिनिटांत, तीन मिनिटांत हो, म्हणाली, "इकडे ये." टाकीच्या मागं एक काळा डबा असतो, आत कोळसा. टाकीतली वाफ त्या कोळशात जाऊन बसते आणि गाडी चालू झाली की इंजिन ती पिऊन टाकतं, वाया काही जात नाही. चांगली सोय आहे, मला आवडली. पण आमच्या डब्याच्या तोंडाशी धूर लोंबत होता, तडा गेला होता. लॉरेटानं डबा काढला, हलवला, आतून डचमळ आवाज. उलटा केला तर पेट्रोल गळालं. "हा डबा वाफेसाठी आहे, एमिल," ती म्हणाली, "हा पेट्रोल प्यायलाय. पंपावर टक् करून नळी बंद पडल्यावर परत कोण दाबतं?"

म्हटलं, "मी नाही बुवा. मी तर चार वर्षांत पेट्रोल भरलेलंच नाही."

आणि बोललो मात्र, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार वर्षं मी पेट्रोल का भरलं नाही? कारण आमच्याकडे रीत आहे. कुणाचा ट्रक नेला तर टाकी भरून परत करायची. काटा होता तिथं आणून ठेवायचा असं नाही, भरून! आणि नुसती भरून नाही, पंप टक् म्हणाला की अजून एकदा दाबायचं, टक्, अजून एकदा, टक्, कारण काटोकाट नसेल तर माणूस म्हणेल चेटनं कंजुषी केली. चेटसुद्धा चार वेळा दाबतो, आणि चेट स्वतःच्या गाडीत कधी अर्ध्याच्या वर भरत नाही. म्हणजे बघा, अख्खी टेकडी चार वर्षं माझ्या ट्रकचे आभार मानत होती आणि ते आभार त्या डब्यात जाऊन बसत होते. भांडखोर लोकांत राहत असतो तर माझा ट्रक पास झाला असता!

लॉरेटानं नवा डबा घातला, दिवा विझवला. मी म्हटलं, लाव स्टिकर. तर हात आडवा! "ट्रकनं स्वतःची परीक्षा घ्यायला हवी," म्हणाली. "मी दिवा विझवलाय, आता ट्रक सगळ्या परीक्षा पहिल्यापासून घेणार. वाफेची परीक्षा तो टाकी भरलेली असताना घेत नाही. काटा मध्यावर लागतो. रात्रभर गाडी हलवायची नाही, सकाळी थंड इंजिन चालू करायचं आणि एका वेगानं तासभर जायचं. मनात आलं तर तेव्हा घेतो."

"मनात आलं तर?"

"मनात आलं तर."

चेटनं कुठून तरी वाचून आणलं होतं की एखादी परीक्षा राहिली तर सरकार चालवून घेतं. मी ते सांगितलं. लॉरेटा म्हणाली, "सरकार चालवून घेतं, मी नाही. ज्या विषयात नापास झालास त्याच विषयाचा पेपर बुडवून पास करू?" शाळेत मी गणितात हेच केलं होतं आणि हे तिला आठवत असणार.

तर वीस तारीख, टाकी काटोकाट, अकरा दिवस हातात. काटा मध्यावर आणायचा म्हणजे दोनच गोष्टी, ट्रक फिरवायचा आणि कुणाला द्यायचा नाही. फिरवायला सोपं आहे हो, मी बर्नीला आणि स्टुलाला घेऊन रोज दुपारी निघायचो, झाडं बघायची, परत यायचं, ती म्हणायची, "लग्नानंतर एवढं फिरवलं नव्हतंस." पण नाही म्हणणं! अहो, मला नाही म्हणता येत नाही. पहिल्या दिवशी चेट आला, लाकडं आणायचीत म्हणाला. मी म्हटलं, "या आठवड्यात नाही देत." तो म्हणाला, "का?" आता का म्हणून काय सांगू, तू टाकी भरतोस म्हणून? म्हटलं, "वाफ." तो म्हणाला, "वाफ तर वाफ," आणि फुरंगटून गेला. मग फायर हॉलला नाही, मग फादर डेनिसना नाही. फादरना नाही म्हटल्यावर मला रात्री झोप लागेना.

आणि वर लोक बघतात काय? एमिल रोज ट्रक घेऊन रिकामाच हिंडतो, बायको शेजारी, दोघं झाडं बघतात, आणि मागितला तर देत नाही. तुम्हीच सांगा, काय वाटेल? आठवडा संपायच्या आत अख्ख्या टेकडीला कळलं की एमिल आजारी आहे, डॉक्टरांनी थोडेच दिवस दिलेत, म्हणून बायकोला घेऊन शेवटचं फिरून घेतोय. मला नाही कुणी विचारलं, टेकडीला कळलं! दारात एक कोबी-नूडल्सचं भांडं. दुसऱ्या दिवशी पिरोगीचं, त्या बटाटा भरलेल्या करंज्यांचं. मग हॅमचं. बर्नी म्हणाली, "सांगून टाकूया का?" मग भांड्याचं झाकण उचलून बघितलं आणि म्हणाली, "सोमवारी सांगू."

शनिवारी संध्याकाळी काटा मध्यावर आला. बरोब्बर मध्यावर, मी बर्नीला बाहेर बोलावून दाखवला. रविवारी नुसतं चर्चला जाऊन यायचं, दीड मैल, तिचा गुडघा म्हणून, आणि सोमवारी सकाळी थंड इंजिनावर तासभर हायवे. प्रार्थना झाली, बाहेर आलो, सगळे माझ्याकडे बघून हसतायत, गोड हसू, आजारी माणसाकडे बघून हसतात तसं. चेटनं खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, राग गेला वाटतं. ट्रक चालू केला. काटा वर चढला, मध्यावर आला, थांबला नाही, वर, वर, वर, आणि जाऊन चिकटला काटोकाट!

मी उतरलो. "चेट, हे काय आहे?"

चेटचे डोळे भरलेले. "काही बोलू नकोस एमिल्या. औषधपाण्यात तुझा पैसा कसा जातोय ते दिसतंय आम्हाला. ट्रक देत नाहीस, टाकी अर्धी. आम्हाला सांगायचंस ना रे. प्रवचन चालू होतं तेव्हा आम्ही तिघांनी कॅन आणून ओतले."

"किती ओतलं?"

"मावेल तेवढं," चेट म्हणाला. "एक थेंब कमी पडू दिला नाही."

आता तिथं, चर्चच्या पायऱ्यांवर, फादर डेनिस शेजारी उभे, बायका रुमाल काढतायत, मी काय ओरडणार होतो? वाफेसाठी? मी म्हटलं, "देव भलं करो." घरी दारात स्टूल ठेवून बर्नीला उतरवलं तेव्हा म्हणाली, "चांगली माणसं आहेत रे." म्हटलं, "फार चांगली आहेत. ट्रक विकायला लावतील."

सोमवारी दीडशे मैल नुसता फिरलो. एकटाच. कुठं गेलो ते विचारू नका, एका धरणाला दोनदा गेलो. संध्याकाळी काटा पाऊण टाकीच्या खाली आला, जेमतेम. लॉरेटाला फोन केला, ती म्हणाली, "पाऊणच्या खाली आहे ना, घेईल परीक्षा. घेतली तर घेईल." मंगळवार, एकतीस तारीख. सकाळी सात. कॉफी घेतली, किल्ली घेतली, दार उघडलं तर दारात रूडी.

रूडी वार्गो आमचा शेजारी, ब्याऐंशीचा, चाळीस वर्षं कुंपणाला कुंपण. टोपी हातात. म्हणाला, "एमिल, मला माहितीये तू हल्ली ट्रक देत नाहीस. तुझी तब्येतही मला माहितीये. मी विचारलं नसतं. पण आयरीनला आज दुपारी घरी सोडतायत." आयरीन त्याची बायको, सहा आठवडे हॉस्पिटलात होती. "तिला वर-खाली होणारी खाट लागते. चाळीस मैलांवर एका चर्चकडून मिळतेय, उसनी. पण त्यांच्याकडे आणून द्यायला माणूस नाही." मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, घरीच बरं. आता तिथं करण्यासारखं काही नाही."

माझ्या मागं बर्नी उभी होती, तिनं माझा कोट पुढं केला. मी म्हटलं, "बसा रूडी. मी चालवतो."

आणि तुम्हाला सांगतो, तो प्रवास! एका वेगानं जायचं म्हणून मी पंचावन्नवर पाय बांधून बसलोय, श्वासही जपून घेतोय, आणि रूडी शेजारी म्हणतोय, "तिथं पंप आहे, थांब, आधी पेट्रोल भरतो." म्हटलं, "नको." पुढच्या पंपावर परत, "इथं थांब." म्हटलं, "रूडी, पेट्रोलला हात लावायचा नाही." म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. दहा मैल गेले. मग म्हणाला, "ब्याऐंशी वर्षांत मी कुणाचं फुकट घेतलं नाही, एमिल. आजच का घ्यायला लावतोस?" म्हटलं, "परत येताना लॉरेटाकडे पाच मिनिटं थांबू. त्यानंतर तुम्ही भरा. हवं तेवढं भरा." तो म्हणाला, "शब्द?" म्हटलं, "शब्द."

खाट हौद्यात चढवली, दोरीनं बांधली, परत फिरलो, लॉरेटाच्या दारात. ती बाहेर आली, खाट बघितली, रूडीकडे बघितलं, वायर खुपसली. मी यंत्राकडे बघत नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती यंत्राकडे बघतेय, बघतेय, तोंडावर काही दिसेल तर शपथ. मग तिनं पट्टी घेतली आणि जुनं स्टिकर खरवडायला लागली. घेतली होती हो परीक्षा! कुठं घेतली, कधी घेतली, त्या ट्रकलाच माहीत. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारायला गेलो, तर हात आडवा. "आधी शपथ घे," म्हणाली. "पंप टक् म्हणाला की पुढे एक थेंब नाही. तूही नाही, चेटही नाही, पोप आले तरी नाही. नवा डबा आहे तो." मी शपथ घेतली, हात वर करून, रूडीच्या समोर.

तिथून पंप किती लांब? दोन वळणं. रूडी माझ्याआधी उतरला. नळी लावली, दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. टाकी भरत आली. टक्. म्हाताऱ्यानं नळी काढली नाही. मागं त्या खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "अजून थोडं जाईल का रे?"

आता तुम्हीच सांगा, त्या माणसाला मी कोळशाच्या डब्याचं काय सांगू? म्हटलं, "जाईल रूडी. सावकाश घाला."

दिवा शुक्रवारी लागला. लॉरेटाला सांगू नका.